एकाआड एक पाठमोऱ्या

बाई,

गेल्या महिन्यात मी आपल्या शाळेत जाऊन आले. तुमच्या खो-खोच्या मैदानावर नववीच्या पोरींना ओळीनं बसवलं आणि त्यांच्याकडून कागद भरून घेतले. तुम्ही असतात तर आधी माझ्या वजनाकडं बघून हसला असतात, आणि मग विचारलं असतंत की मैदानावर कागदाचं काय काम. तेच सांगायला बसले आहे. तुम्हाला सांगितल्याशिवाय ही गोष्ट माझ्या पोटात राहणार नाही.

मी नेमकं काय काम करते हे तुम्हाला नीट सांगायचं राहूनच गेलं. मी नोकरीला लागले तेव्हा तुम्ही गावभर 'आमची पोरगी डॉक्टर झाली' असं सांगत सुटला होतात, आणि तुम्हाला अडवायची कुणाची टाप होती. पण मी सुई टोचणारी डॉक्टर नाही, बाई. मी लोकांच्या तब्येतीचा अभ्यास करते. सध्या पुण्याच्या एका संस्थेसाठी शाळेतल्या पोरींचा अभ्यास चालू आहे. त्या किती झोपतात, सकाळी काय खातात, मोबाईल किती वेळ बघतात, खेळतात का, मिश्री लावतात का, मनातलं कुणाला सांगतात का, असं सगळं. ज्या शाळा ह्या अभ्यासात राहतील त्यांना दोन वर्षं खेळाची शिक्षिका मिळणार आहे, आणि पोरींशी बोलायला दर आठवड्याला एक समुपदेशक ताई. आपली शाळा त्यात यावी म्हणून मी जंग जंग पछाडलं. तुमच्यामागं तिथं खेळाला बाई आलीच नव्हती. मैदानावर मुलं क्रिकेट खेळायची आणि पोरी भिंतीच्या कडेनं घरी जायच्या. ते बघून माझा जीव तुटायचा.

झालं असं, की परवानगीसाठी प्रश्नांचा एक नमुना मुख्याध्यापकांना आधी दिला होता. हे मुख्याध्यापक आपल्याच शाळेचे, माझ्यापुढच्या वर्गातले. डाव्या पायातला बूट उजव्यात घालून पळाला म्हणून तुम्ही ज्याला सगळ्या शाळेपुढं उभं केलं होतंत, तोच. माणूस मनाचा फार चांगला, पण शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे ह्याचं त्याला वेड आहे. पुण्याहून कागद येणार म्हटल्यावर त्यानं ते बोर्डाच्या पेपरासारखं मनावर घेतलं. नमुन्याच्या झेरॉक्स काढल्या, फळ्यावर आदर्श उत्तरं लिहून दिली आणि चक्क सराव चाचणी घेतली. मला ह्याचा पत्ताच नाही. मी गेले, कागद वाटले, गोळा केले आणि स्टाफरूममध्ये बसून चाळायला लागले.

आपल्या गावच्या सगळ्या पोरी रात्री नऊला झोपतात, बाई. पहाटे पाचला उठतात, सूर्यनमस्कार घालतात, मोड आलेली मटकी खातात आणि मोबाईल फक्त अभ्यासापुरता हातात धरतात. 'मनातलं कुणाला सांगता?' ह्या प्रश्नाला एकूण एक उत्तर 'आई-वडील व गुरुजन'. नाव लिहू नये असं वर ठळक छापलं होतं, तरी पोरींनी नाव, तुकडी, हजेरी क्रमांक घातला होता. पट्टीनं समास आखला होता. एकीनं तर माथ्यावर श्री काढून सुरुवात केली होती. मी एकटीच डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. मग पुण्याला आमच्या प्रमुख सरांना फोन लावला आणि हसू मावळलं. सर म्हणाले, तुमच्या शाळेत एकच पोरगी शिकते का? हे कागद धरता येणार नाहीत, आपण उमरग्याकडची दुसरी शाळा घेऊ. मी खूप विनवण्या केल्यावर त्यांनी आणखी एक दिवस दिला, आणि तेवढ्यात खरे कागद आले नाहीत तर शाळा वगळायची असं ठरलं.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांना समजावायला गेले तर तेच हिरमुसले. पोरी तोंडावर पडल्या असत्या, शाळेचं नाव गेलं असतं, असं त्यांचं म्हणणं. ह्यात पास-नापास नसतं म्हटल्यावर त्यांनी विचारलं, मग परीक्षा कशाला घेता? त्यांना ऑफिसात बसवून मी वर्गात गेले. पालकांच्या संमतीचे कागद होतेच, पण पोरींना पुन्हा सांगितलं की नको वाटेल तो प्रश्न सोडा, कुणी रागावणार नाही. पहिल्या बाकावर दोन वेण्यांची एक धीट पोरगी होती. ती उठून म्हणाली,

"म्याडम, खरं लिव्हायचं का बरोबर लिव्हायचं?"

इतकी वर्षं ह्या कामात घालवली, पण असा नेमका प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी म्हणाले, खरं. तिनं मान डोलावली, खाली बसली आणि शेजारणीच्या कागदाकडं बघितलं. शेजारणीनं तिच्या कागदाकडं बघितलं. मग सगळ्या वर्गानं एकमेकींकडं बघितलं आणि पेनं थांबली. खरं सांगायला आपल्या गावात कुणी भीत नाही, पण आपलं खरं शेजारणीला दिसलं की ते संध्याकाळपर्यंत वेशीबाहेर जातं. मी बाक लांब केले. माना तेवढ्याच लांब झाल्या. शेवटी वैतागून व्हरांड्यात येऊन उभी राहिले, आणि समोर तुमचे खो-खोचे दोन खांब दिसले. एक थोडा कललाय, त्याला मुख्याध्यापकांची मोटारसायकल टेकवलेली होती.

आणि बाई, तुम्ही दिसलात. पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिट्टी. मी सातवीत आहे. मधल्या पाटीवर आम्ही आठजणी उकिडव्या बसलोय, एकीचं तोंड रस्त्याकडं तर दुसरीचं शाळेकडं. माझं तोंड रस्त्याकडं आहे, पण जीव सगळा शेजारणीच्या बाजूला काय चाललंय तिकडं. मी मान वळवते आणि पळणारी माझ्या नाकासमोरून निसटून जाते. शिट्टी वाजते. तुम्ही येता, माझं डोकं दोन्ही हातांनी धरून रस्त्याकडं फिरवता.

"तुझी बाजू तू बघ. तिची ती बघंल."

त्या दिवशी मी इतकी रडले की खेळ सोडणार होते. वर गुडघे फुटलेले, आणि आई म्हणत होती की अशा गुडघ्यांच्या पोरीला कोण करून घेणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही तुमच्या तपकिरी स्वेटरच्या दोन्ही बाह्या कापून, कडा शिवून माझ्या गुडघ्यांवर चढवल्यात. तो हिवाळा तुम्ही बिनबाह्यांचा स्वेटर घालून काढलात आणि विचारणाऱ्याला सांगितलंत की आता अशीच फॅशन आहे.

मी शिपायाकडून फक्कीची पिशवी मागवली. मोटारसायकल हलवली. पांढऱ्या रेघा ओढताना कंबर मोडली, पण रेघ सरळ आली, तुमची शपथ. मग पोरींना पॅड घेऊन बाहेर बोलावलं आणि एकाआड एक, उलटसुलट तोंडं करून बसवलं. एक ओळ भरल्यावर तिच्यामागं दुसरी आखली, मग तिसरी. शेजारणीकडं बघायचं तर अख्खं अंग फिरवायला लागतं आणि ते सगळ्यांना दिसतं. मी तुमचं वाक्य तुमच्याच आवाजात म्हटलं. पोरी खुदकन हसल्या आणि मग एकदम शांत झाल्या. लांबून हायवेवरच्या ट्रकचा आवाज तेवढा येत होता. मुख्याध्यापक खिडकीतून बघत होते. पेनं चालायला लागली.

ती शांतता ऐकताना मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. सराव संपला की तुम्ही आम्हाला घरी न्यायचात. पितळी डब्यातले गूळ-शेंगदाणे आमच्या ओंजळीत घालायचात आणि आमच्याकडं पाठ करून चुलीपुढं बसायचात. तुम्ही कधी काही विचारलं नाहीत. भाकरी थापण्याचा आवाज चालू असायचा आणि आम्ही एकेक जण तुमच्या पाठीला सगळं सांगून मोकळ्या व्हायचो. मी दहावीत असताना तिथंच पुटपुटले होते, की घरात माझ्या लग्नाचं चाललंय आणि मला तर शिकायचंय. थापणं थांबलं. तुम्ही वळला नाहीत.

"ऐकू न्हाय आलं. मुका खो पंच धरत न्हाय. मोठ्यानं सांग."

मी इतक्या मोठ्यानं सांगितलं की शेजारच्यांचं कुत्रं भुंकायला लागलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही आमच्या अण्णांपुढं जाऊन उभ्या राहिलात, आणि ही पोरगी मला अजून काही वर्षं मैदानावर पाहिजे, तेव्हा लग्नाचं नाव काढायचं नाही, असं बजावून चहासुद्धा न घेता परत गेलात. माझा बाप गावच्या पाटलालाही न भिणारा, पण अण्णा तुमच्या शिट्टीला भ्यायचे. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. आज मी जी काही आहे ती तिथून आहे, बाई. हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नव्हतं, म्हणून आता लिहिते.

मी अशी आठवणीत हरवलेली, तेवढ्यात दोन वेण्यांवालीनं मान न वळवता विचारलं, "तुमी भरला का म्याडम? आमालाच लावलंय सगळं?" सगळ्या ओळी हसल्या. मग मी पण एक कागद घेतला आणि तिच्या शेजारच्या चौकोनात, तिच्या उलट तोंड करून बसले. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसले.

कागद गोळा झाले. मी उठायला हात टेकणार तोच पाठीवर सणसणीत थाप पडली आणि कानाशी आवाज आला, "खो!" खणखणीत, कुठल्याही पंचानं धरला असता असा. मग काय विचारता. मी ओढणी कमरेला बांधली आणि पळाले. समोरच्या पोरीनं मला दोनदा हूल दिली, तिसऱ्यांदा मी सूर मारायला गेले आणि फक्कीत तोंडावर आपटले. पोरी आधी घाबरल्या आणि मी हसतेय बघून त्याही लोळून हसायला लागल्या. मुख्याध्यापक शिट्टी घेऊन धावत आले, मला हात दिला आणि मग स्वतःच पंच होऊन उभे राहिले. शाळा सुटली तरी पोरी भिंतीच्या कडेनं गेल्या नाहीत. इतका आनंद मला गेल्या कित्येक वर्षांत झाला नव्हता.

कागद पुण्याला पोचले. पोरी गोधडीत मोबाईल घेऊन जागतात. 'मोठी झाली' म्हणून बऱ्याच जणींचा खेळ बंद झालाय. दिवसभरात सगळ्यांत बरं कधी वाटतं, ह्याला कुणी लिहिलंय एसटीत खिडकी मिळाल्यावर, कुणी लिहिलंय आई तुळजापूरला गेल्यावर. मनातलं कुणाला सांगता, ह्याला मैत्रीण आहे, आजी आहे, एका ठिकाणी शेरडू आहे, आणि 'कुणालाच न्हाय' हे बरंच आहे. तेच तर मला पाहिजे होतं, कारण आता त्या पोरींसाठी ताई येतात. सरांनी विचारलं, ही बसवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकातली? मी म्हणाले, पुस्तकातली नाही, आमच्या बाईंची आहे. शाळा अभ्यासात राहिली. खेळाला धाराशिवची एक तरुण शिक्षिका आलीये, आणि ती तुमच्यासारखीच कर्कश शिट्टी वाजवते.

आता शेवटचं. मी भरलेला कागद गठ्ठ्यात घालता येत नाही, माझं वय त्यात बसत नाही. तो पर्समध्येच आहे. काल पुन्हा वाचला. प्रश्न मीच काढलेले, शेजारणीची पाठ माझ्याकडं, कुणी बघणारं नाही, आणि तरी मी ठोकून दिलंय की रात्री दहाला झोपते. रोज व्यायाम करते. मोबाईलचं तर विचारूच नका. मुख्याध्यापकांच्या सराव चाचणीत मीच पहिली आले असते. एकच उत्तर खरं आहे. मनातलं कुणाला सांगता, ह्यापुढं मी 'बाईंना' असं लिहिलंय, आणि लिहून झाल्यावर लक्षात आलं की तुमच्यानंतर मी मनातलं दुसऱ्या कुणाला सांगायला शिकलेच नाही. म्हणून हे पत्र लिहिलं. ते कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तुम्ही गेलात तिथं टपाल जात नाही. तुम्ही चुलीपुढं पाठमोऱ्या बसला आहात असं धरून आत्ता मोठ्यानं वाचून दाखवलं, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या काकूंनी दार उघडून बघितलं.