माझ्या पश्चात दवाखान्याचा फोन

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणऐंशी, व्यवसाय डॉक्टरकी, अविवाहित, राहणार दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. अक्षराबद्दल कोणी बोलू नये. खालच्या औषधवाल्याला ते आजवर वाचता आले आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. कान थोडे गेले आहेत, पण या कामाला कान लागत नाहीत. यापूर्वी मी एक मृत्युपत्र केले होते, ते रद्द समजावे. का रद्द केले, ते कलम तीनमध्ये येईल.

कलम १. वरच्या मजल्यावरच्या माझ्या दोन खोल्या, आतील सामानासह, मी माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला देत आहे. तो मोठ्या रुग्णालयात हृदयाचा सर्जन आहे. लोक त्याला फुले आणून देतात, त्याच्या शेजारी उभे राहून फोटो काढतात, आणि ते योग्यच आहे. मरता मरता वाचलेल्या माणसाला आपल्याला कोणी वाचवले ते ठाऊक असते. माझ्याकडच्या माणसाला ते कधी कळत नाही. त्याची तंबाखू सुटते, मीठ कमी होते, गोळी रोज पोटात जाते, आणि कधीतरी जो झटका यायचा तो येतच नाही. जे आलेच नाही त्याबद्दल कोण कोणाचे आभार मानणार? भाचा एकदा जेवताना म्हणाला, "मावशी, तुझी माणसं माझ्यापर्यंत पोचतच नाहीत. पोटावर पाय देतेस तू माझ्या." तो चेष्टा करत होता. मला मिळालेले ते एकमेव प्रशस्तिपत्र आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

खोल्या त्याने खुशाल विकाव्यात. मात्र कलम पाच पुरे झाल्याशिवाय विकू नयेत.

कलम २. दवाखान्यातला जुना वजनकाटा मी कोपऱ्यावरच्या बेकरीवाल्याला देत आहे. हा काटा वजन वाढवून दाखवतो, अशी त्याची कायमची तक्रार आहे. काट्यावर चढण्यापूर्वी तो चपला, पट्टा, घड्याळ, किल्ल्या सगळे काढून ठेवायचा, आणि तरीही आकडा पाहून माझ्याकडे असा बघायचा, की जणू मीच मागून पाय ठेवला आहे. आता काटा घरी न्यावा आणि त्याच्याशी एकांतात भांडावे. त्याचे वडील आणि थोरला भाऊ पन्नाशी गाठण्याआधी हृदयाने गेले. तो साठी ओलांडून रोज पहाटे पीठ मळतो आहे. यात माझा थोडा हात आहे असे माझे म्हणणे. तो म्हणतो, नशीब. मी गेले म्हणून हा वाद त्याच्या बाजूने मिटला असे त्याने समजू नये.

कलम ३. तळमजल्यावरचा दवाखाना, तपासणीचे टेबल, बाके, कपाटे आणि दारावरची पाटी मी माझ्याबरोबर सकाळी बसणाऱ्या तरुण डॉक्टरीणबाईंना देत आहे. पाटीवर त्यांनी स्वतःचे नाव घालावे.

आमच्या दवाखान्याची एक पद्धत आहे. चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकाला त्याच्या वाढदिवसाच्या महिन्यात आम्ही फोन करतो: या, प्रेशर बघू, साखर बघू, कोलेस्टेरॉल बघू. दुखायला लागले की माणूस आपणहून येतो. काही दुखत नसताना त्याला बोलवावे लागते. हे फोन आमच्या सिस्टर करायच्या. कामापुरते बोलायच्या आणि ठेवून द्यायच्या. त्या वारल्यावर फोन मी करू लागले. मला वाटायचे, मी ते फार छान करते. तब्येत झाली की मुलांची चौकशी, मग सुनेची, मग घराच्या गळक्या छताची.

एके दिवशी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मॅडम, रागावणार नसाल तर एक सांगू?"

"रागावेन. सांग."

"लोक तुमचा फोन उचलत नाहीत. नंबर दिसला की बाजूला ठेवतात. बाकावर बोलताना ऐकलंय मी. म्हणतात, एकदा धरलं की सोडत नाहीत बाई."

"उचलत नाहीत तर तपासणीला कसे येणार?"

"येत नाहीत, तेच तर सांगतेय. एक महिना मला मेसेज पाठवून बघू द्या. दोन ओळी. त्यातच वेळ ठरवायची."

मी म्हटले, मेसेज कोण वाचतो? लोकांनी वाचले. त्या महिन्यात बाके भरली. शाळेच्या बसचा चालक आला, ज्याला मी पुन्हा पुन्हा फोन करून थकले होते. डॉक्टरीणबाईंनी त्याचे प्रेशर मोजले, थांबून परत मोजले, आणि त्याला उठू दिले नाही. प्रेशर इतके चढलेले असूनही त्याला काहीही त्रास होत नव्हता. गाडीभर मुले घेऊन तो रोज फिरत होता. जाताना ओशाळून म्हणाला, "मॅडम, तुमचा फोन दिसला होता हो. पण तुमच्याशी बोलायचं म्हणजे सवड काढूनच बोलायला हवं."

त्या दिवशी वर येऊन मी आधीचे मृत्युपत्र फाडले. त्यात अशी अट होती की दवाखाना घेणाऱ्याने फोन स्वतः, तोंडी करावा. ही अट रुग्णांच्या भल्यासाठी आहे असे मी धरून चालले होते. ती माझ्यासाठी होती. ती माणसे मला घरातल्यासारखी वाटू लागली होती. आता मेसेज जातात आणि माझ्या संध्याकाळी रिकाम्या असतात. मला फार एकटे वाटते. हे वाक्य कायद्यात बसत नसेल तर वकिलांनी तसे सांगावे, पण मी ते खोडणार नाही.

दवाखाना विनाअट देत आहे. मेसेज थांबू नयेत, एवढी विनंती.

कलम ४. बँकेत जी शिल्लक असेल तिच्यातून प्रेशर मोजण्याची छोटी यंत्रे घ्यावीत आणि लोकांना घरी न्यायला द्यावीत. दवाखान्यात येऊन बऱ्याच जणांचे प्रेशर उगीच चढते. यंत्र परत न करणाऱ्याचे नाव दारावर लावू नये. मी एकदा लावले होते. तो माणूस दुसऱ्या डॉक्टरकडे जाऊ लागला आणि आमचे यंत्र तिकडेच घेऊन जातो.

कलम ५. दवाखान्याचा जुना फोन मी वर, माझ्या पलंगाशेजारी घेतला आहे. तो माझ्या मृत्यूनंतर एक वर्ष बंद करू नये. वर्षभरात सगळ्यांचे वाढदिवस येऊन जातात. ज्यांनी माझे फोन उचलले नाहीत त्यांच्यापैकी कोणी सवड काढून उलट फोन करील, अशी मला अजून आशा आहे. त्या वर्षात तो फोन माझ्या भाच्याने स्वतः घ्यावा. हवा तर आपल्या मोबाइलवर वळवून घ्यावा. ऑपरेशन चालू असेल तर नंतर आपणहून करावा. समोरच्याने मी कशी आहे असे विचारले, तर लगेच सांगू नये. आधी शेवटचे प्रेशर कधी मोजले ते विचारावे, तपासणीची वेळ ठरवून द्यावी, आणि मग मी गेल्याचे सांगावे. आधी सांगितले तर माणसे गडबडतात आणि यायचे राहून जाते.

त्यानंतर कोणाला माझ्याबद्दल बोलायचे असेल, तर कितीही वेळ लागला तरी भाच्याने त्याला मध्येच तोडू नये.

वरील मजकूर मी वाचून पाहिला. तो माझाच आहे. अंमलबजावणीचे काम माझ्या वकिलांकडे सोपवले आहे.

ठिकाण: दवाखान्याच्या वरची खोली
दिनांक: नोंदणीच्या शिक्क्यावर असेल तो

(सही) मृत्युपत्र करणारी

आमच्या दोघांच्या समक्ष बाईंनी सही केली आणि बाईंच्या समक्ष आम्ही केली. या मृत्युपत्रातून आम्हांला काही मिळत नाही.

साक्षीदार १. (सही) औषधाच्या दुकानाचे मालक
साक्षीदार २. (सही) समोरच्या शिवणकाम करणाऱ्या बाई