पडद्यावरच्या दोन रेघा

प्रिय छोट्या,

आईबद्दल शेवटी लिहितो. आधीचं सगळं नीट वाच, मध्येच उठू नकोस. मेलवर लिहितोय, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. शिवाय आज माझा आवाज ताब्यात राहील याचा मलाच भरवसा नाही.

पेशंटला लावायच्या आपल्या मॉनिटरच्या प्रोग्राममधल्या त्या ओळी तू काढल्या नाहीस. गेल्या वर्षी प्रदर्शनापुरत्या घातल्या होत्यास. परत आलो की काढतो दादा, असं माझ्या टेबलाला टेकून म्हणाला होतास. तोच प्रोग्राम साठ हॉस्पिटलांत गेला आणि तू दुसऱ्या प्रदर्शनाला निघून गेलास.

आपल्या शाळेतलं प्रयोगाच्या सामानाचं कपाट आठवतं? किल्ली शिपाईमामांच्या कमरेला. कपाटाला हात लावायची मास्तरांनाही सोय नव्हती. काय हवं ते चिठ्ठीवर लिहायचं, सोबत रिकामा ट्रे द्यायचा आणि दाराबाहेर थांबायचं. मामा वस्तू ट्रेमध्ये घालून आणत. नसली तर चिठ्ठीवर 'नाही' लिहून ट्रे रिकामा परत. पुढे ड्रायव्हर, म्हणजे जोडलेल्या यंत्राशी बोलणारा प्रोग्राम, लिहायला शिकलो तेव्हा मला हसूच आलं. यूजर मोडमधला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याबाहेर चालणारा आपला ड्रायव्हर म्हणजे दाराबाहेर थांबलेला विद्यार्थी. यूएसबीच्या वायरीला त्याला हात लावता येत नाही. तो कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातल्या शिपाईमामांकडे, विनंती देतो, मेमरीतली रिकामी जागा देतो, किती वेळ थांबेन तेही सांगतो. कर्नल बोटावरच्या चिमट्याकडून ऑक्सिजनचा आकडा आणतो, त्या जागेत ठेवतो आणि झालं म्हणून कळवतो. वेळ संपली तर तसं कळवतो. वायर निघाली तर तसं. पदरचं काही घालत नाही.

तुला हा चिठ्ठ्याचपाट्यांचा कारभार पसंत नव्हता. दादा, तुझं पुराण आवर, सरळ कर्नलमध्येच ड्रायव्हर घालू, वेग येईल, असं चारचौघांत म्हणालास. मी अडून बसलो. माणूस चुकतोच. बाहेर चुकला तर एक प्रोग्राम पडेल, पुन्हा उभा करता येईल. आत चुकला तर अख्खा मॉनिटर घेऊन बसेल. शेवटी तू ऐकलंस आणि मी मूर्खासारखा खूश झालो. चुकीला भिंत घालता येते रे, लबाडीला कुठली घालणार?

कर्नलकडून 'नाही' आलं की पडद्यावर दोन रेघा आणि भोंगा, असं मी लिहिलं होतं. प्रदर्शनात चिमट्याचा प्लग सैल झाला की रेघा यायच्या, भोंगा बोंबलायचा, गिऱ्हाईक बिचकायचं. तू काय केलंस? त्या ओळी घातल्यास: 'नाही' आलं तरी शेवटचा चांगला आकडा तसाच ठेवायचा. शाळेत मामांनी एकदा चुंबक नाही म्हणून लिहून दिलं, तेव्हा तू ट्रेमध्ये खिळा ठेवून मास्तरांपुढे धरला होतास. हे घ्या सर, चुंबक! वर्ग हसला, मास्तर हसले, मीही हसलो. तिथेच तुझ्या कानाखाली वाजवायला हवी होती.

मी रोज सकाळी देवासमोर बसतो त्याची तू टिंगल करतोस. देव ऑनलाइन आहे का, म्हणून विचारतोस. पुष्कळदा उत्तर येत नाही, छोट्या. पण म्हणून त्याच्या नावाने मी स्वतःच उत्तर लिहून घेतलं नाही. तीस वर्षं बसून तेवढंच शिकलो असेन.

मंगळवारी दुपारी एका हॉस्पिटलात चादर बदलताना खाट सरकली आणि मॉनिटरमधला चिमट्याचा प्लग अर्धा बाहेर आला. काल रात्री नोंदी मी स्वतः काढून पाहिल्या. चाळीस मिनिटं कर्नल दर सेकंदाला सांगत होता, यंत्र नाही, यंत्र नाही. दोन हजार चारशे वेळा. आणि पडद्यावर सत्त्याण्णव, छान हिरव्या आकड्यांत. नर्सबाई दोनदा आल्या आणि सत्त्याण्णव बघून गेल्या. तिसऱ्यांदा त्यांनी पडद्याऐवजी पेशंटचे ओठ बघितले. निळे पडले होते. मला म्हणाल्या, मशीन कसं चुकेल, माझीच नजर चुकत असेल असं वाटलं हो. आणि रडायला लागल्या. तुझ्या वाट्याचं रडणं ती बाई रडत होती, आणि तू तिकडे स्टॉलवर हात हलवून फोटो पाठवत होतास. तो फोटो पाहून मी फोन भिंतीवर आपटणार होतो.

आज सकाळपासून साठही हॉस्पिटलांना मी फोन केले. मॉनिटर बंद करा, चूक आमची आहे, असं सांगितलं. तुला विचारलं नाही. मालक तू आहेस, हवं तर काढून टाक मला. 'आमची' म्हणालो, कारण त्या ओळी मी पाहिल्या होत्या. काढतो म्हणालास, त्यावर विसंबून वर्षभर मी पुन्हा विचारलं नाही.

आता आई. ती खाट आईची होती. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मॉनिटर आमचाच लावा, असं डॉक्टरांना बजावून तू विमानात बसलास. गेले चार दिवस तू फोनवर विचारतोस आणि मी सांगतो, आई बरी आहे, आत्ताच झोपलीय. सोमवारी ती खरंच बरी होती. तोच सोमवार मी तुला रोज ऐकवत राहिलो. ज्या ओळींसाठी तुला शिव्या घालतोय, त्या मी चार दिवस जिभेवर चालवल्या. तुझं प्रदर्शन बिघडू नये म्हणून! बघ, माझ्याकडेही कारण चांगलंच होतं. तर आता खरं लिहितो. तिचा श्वास यंत्रावर चालू आहे. मी उशाशी बसून हाका मारतो. मंगळवारपासून उत्तर आलेलं नाही. पुढचं डॉक्टरांनाही सांगता येत नाही. तू ये आणि एकदा हाक मारून बघ.

एवढा संताप करूनही तुझाच,
दादा