पंचवीसपैकी अकरा

अंबरपेठ, हैदराबाद
२ मार्च २०२५

चि. सौ. रेणूस, आक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

इकडं सगळे खुशाल. मी बी खुशाल, पण कागदावर बहिरी झालेय. हसू नकोस, आधी पुरतं वाच.

फोन का केला नाही म्हणशील. दोन खोल्यांच्या घरात सुनेची गाऱ्हाणी फोनवर कशी सांगू? तुझ्याकडं तर तुझी सून लगेच स्पीकर लावते. पत्रात कसं, तू अन् मी. वाचून झालं की चुलीत घाल.

तर झालं असं. मागच्या आठवड्यात मी गॅलरीत वाटाणे सोलत बसलेली, आत कुकरच्या शिट्ट्या चालू, अन् आपली चारू पाळण्यात रडून लाल झाली. सात महिन्यांचं लेकरू. मला ऐकू आलं नाही, खरंच आलं नाही. नेमकी तेव्हाच आमची सूनबाई त्रिवेणी बाहेरून आली. लेकराला असं छातीशी धरलं की मलाच चोरी केल्यासारखं वाटलं. मग तिनं अन् संदेशनं मागचं सगळं उकरून काढलं. आईला तीन-तीनदा सांगावं लागतं, आई भलतंच करून ठेवते, म्हणजे आईचे कान गेले.

मग काय, नारायणगुड्याला कुठं फुकट कान तपासत होते, तिथं नेलं मला. ही लांब रांग. एका पोरीनं विचारलं, भाषा कोणती? माझ्या पुढच्या सगळ्या बाया तेलगू तेलगू म्हणत गेल्या, मी पण ठसक्यात सांगितलं, तेलगू. सहा वर्षं झाली इथं येऊन, कोथिंबीरवालीशी रोज भांडते, मला येत नाही होय? कानाला ते मोठे टोप लावले. शब्द ऐकायचा अन् तसाच म्हणायचा. पंचवीस शब्द. अगं, मी एकेक असा खणखणीत म्हणून दाखवला! ती पोरगी मात्र फुल्या मारत गेली. पंचवीसपैकी अकरा. कागदावर लिहून दिलं, दोन्ही कान कमजोर.

मला एक कळेना रेणू. शेजारणीची बांगडी वाजली तर मला ऐकू येते. नवरा-बायको स्वयंपाकघरात तेलगूत कुजबुजतात ते ऐकू येतं, समजत नाही ती गोष्ट वेगळी. मग तो शब्द कानात गेला, तोंडातून निघाला, मधल्या वाटेत बिघडला कुठं?

त्रिवेणीची रजा एकतीस मार्चला संपायलीय. लेकराला मीच बघणार हे तर ठरलेलंच होतं. आता तिनं गल्लीच्या तोंडाशी एक पाळणाघर बघून ठेवलंय, एक तारखेपासून. म्हणली, अत्तम्मा, तुमच्यावर राग नाही माझा, पण पापा रडली अन् तुम्हाला कळलंच नाही तर? (लेकराला पापा अन् सासूला अत्तम्मा, ही तिची तेलगू माहेरची बोली.) तुझे दाजी असते तर म्हणाले असते, हिला नको ते सगळं ऐकू येतं, काळजी करू नका. पण त्यांचं कोण ऐकणार, फोटोतून.

नामदेवरावांना नमस्कार. लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवलास तर मी नको म्हणणार नाही.

तुझी
चतुराआक्का


वसमत
९ मार्च २०२५

ती. आक्कास, रेणूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. चुलीत घातलं नाही, आमच्याकडं गॅस आहे. डाळीच्या डब्यात ठेवलंय.

हे म्हणाले, आक्कांच्या कानात मळ असेल, कोमट तेल घालायला सांग. मी म्हणलं, मळ कसला, लोकांच्या घरातलं ऐकून ऐकून झिजले असतील.

आता खरं विचारते. ते पंचवीस शब्द तेलगू होते ना? मग ती तुझ्या कानाची परीक्षा होती का तेलगूची? माझा नातू इंग्रजी शाळेत जातो. त्याच्या बाई म्हणतात इंग्रजीत व दोन आहेत, एक ओठ दाताखाली धरून, एक तोंडाचा चंबू करून. तो दोन्ही म्हणून दाखवतो. मला दोन्ही एकच. तो म्हणतो आजी नीट ऐक, मी नीटच ऐकते, तरी एकच. म्हणून मी बहिरी झाले का? तिथं कुणी जाणतं माणूस असेल तर विचार.

अन् तेलगू येतं म्हणून फुशारकी मारलीस हे सुनेला सांगितलंस का? नसशील सांगितलं. मी ओळखते तुला.

पाळणाघराचं वाचलं. नाहीच जमलं तर इथं ये. पण तू इथं आलीस तरी तुझा जीव त्या पाळण्याला टांगलेला राहील, हे मला आत्ताच दिसतंय. लवकर कळव. माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी
रेणू


अंबरपेठ
१६ मार्च २०२५

चि. सौ. रेणूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू शहाणी आहेस हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं. नामदेवरावांना अजून कळलं नसेल तर सांगू नकोस.

आमच्या वरच्या मजल्यावर अपर्णा म्हणून एक पोरगी राहते. कान कसे तपासायचे याचंच कॉलेज करायलीय ती. तिला तुझा प्रश्न विचारला, माझाच म्हणून विचारला. ती कपाळाला हात लावून म्हणली, आंटी, आप कायकू तेलगू बोल दिये? दुसऱ्या दिवशी मला कॉलेजात घेऊन गेली. तिथं शब्दच नाहीत, नुसत्या शिट्ट्या. बारीक, त्याहून बारीक, डास गेल्यासारखी. ऐकू आली की बटण दाबायचं. वयाच्या मानानं कान चांगले निघाले. तो कागद मी त्रिवेणीपुढं असा ठेवला की जणू पहिला नंबर आलाय. तर ती म्हणली, शिट्टी वेगळी अन् माणसाचा आवाज वेगळा अत्तम्मा, शब्दांचा कागद तर अजून तोच आहे. आता हे बी खरंच. तिला चिडवावं असं तोंडावर आलं होतं, पण तिचे डोळे बघून गिळलं. पोरगी खरंच घाबरलेली आहे गं. मला शिक्षा करायचं तिच्या मनात नाही.

मग अपर्णाला विचारलं, बिघडतं कुठं? ती म्हणली, तेलगूत मेड असा एक शब्द आहे, तो आखूड म्हणला तर मान, लांबवून म्हणला तर वरचा मजला. पाच वेळा म्हणून दाखवला. मी पाच वेळा मान हलवली, साफ खोटी. दोन्ही सारखेच. तुला लिहून दाखवावं म्हणलं तर आपल्याकडं मात्राच एक! कानाचं बी तसंच दिसतंय. आवाज आत जातो, पण माझी चाळणी मराठीची. आखूड अन् लांब दोन्ही एकाच भोकातून खाली.

पुढचं ऐक, मला रात्रंदिवस तेच सुचायलंय. अपर्णा म्हणली, तान्ह्या लेकराला कुठल्याही बोलीतले असले बारीक फरक कळतात. वर्षाचं होता होता घरात जे कानावर पडतं तेवढेच त्याच्याकडं राहतात, बाकीचे फरक कान सोडून देतो. म्हणजे आमच्या चारूची चाळणी आत्ता विणायला घेतलीय बघ. मी म्हणलं, मग टीव्हीवर मराठी लावून ठेवते दिवसभर. तर म्हणली, त्यानं होत नाही, जितं माणूस समोर पाहिजे, तोंडाकडं बघत. अन् म्हातारपणी? मी विचारलं. शिकता येतं म्हणली, पण हळू, अन् एका तोंडातून नाही, दहा तोंडांतून ऐकायचं. म्हणून मी आता कोथिंबीरवालीशी भांडून झालं की फुलवालीशी बी भांडते. अभ्यास म्हणून.

पाळणाघरात मी डोकावून आले. बाया चांगल्या आहेत, स्वच्छता आहे. मराठी बोलणारं कुणी नाही. संदेश तर बायकोशी तेलगूच बोलतो. म्हणजे लेकराच्या कानात मराठी घालायला उरले कोण, मी. अन् मला तर एक तारखेपासून सुट्टी.

तुझं एक काम आहे. अपर्णा मराठी शब्दांवर माझी परीक्षा घ्यायला तयार आहे, पण तिच्याकडं मराठी शब्द नाहीत. लहान-थोर सगळ्यांना माहीत असलेले, दोन-तीन अक्षरी, पंचवीस शब्द लिहून पाठव. संदेशच्या नावानं, वेगळ्या पाकिटात. मी बघायचे नाहीत. आता जप करत बसले तरी चालेल, इतकी साधी झालेय मी. एवढं करशील म्हणूनच हक्कानं लिहिलं, हक्क असाच चालू ठेव.

तुझी
आक्का


वसमत
२२ मार्च २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

सोबत संदेशचं पाकीट. शब्दांचा कागद वर्तमानपत्रात गुंडाळून घातलाय, कारण तू उजेडापुढं धरशील.

शब्द गोळा करायला मी पिठाच्या गिरणीवर गेले. तिथं रांगेत बायका रिकाम्याच असतात. अर्ध्या तासात पन्नास झाले अन् भांडण बी झालं, कारण जिला तिला आपलाच शब्द यादीत पाहिजे. आमच्या शेजारची चतकोर दातांची म्हातारी माझ्या कानाला लागून म्हणली, आमच्या मालकाचं नाव घाल, जन्मात तोंडानं घेतलं नाही, तिकडं हैदराबादला तरी कुणी म्हणू दे. मी म्हणलं, माणसाचं नाव चालत नाही म्हणे. ती रुसून दळण न घेताच गेली. मग मी तिचं दळण घरी नेऊन दिलं.

घरी येऊन पंचवीस निवडले. निवडताना एकेक शब्द मोठ्यानं म्हणून बघितला अन् मलाच नवल वाटलं. आपण इतक्या तऱ्हेनं जीभ हलवतो, श्वास सोडतो, अन् आपल्याला पत्ता नसतो.

सुनेला फुशारकीचं सांगून टाक. लपवून जिंकलीस तर ते जिंकणं खरं राहणार नाही. रागावू नकोस, लहान बहिणीचं म्हणून पोटात घाल.

तुझी
रेणू


अंबरपेठ
२ एप्रिल २०२५

चि. सौ. रेणूस अनेक आशीर्वाद. वि. वि.

पाकीट मी उजेडापुढं धरलं. काही दिसलं नाही. तुझं वाटोळं होऊ नये, पण थोडं ठेचकाळ.

पाडव्याच्या दिवशी परीक्षा झाली. त्रिवेणीनं कडुलिंबाच्या फुलांची त्यांची ती पच्चडी केली होती, ती खायला अपर्णा खाली आली, तिच्याकडून काम करून घेतलं. तुझी यादी संदेशनं मोबाइलवर बोलून ठेवली होती. मराठी वाचायची सवय नाही त्याला, ढेकूळवर तीनदा अडकला. मला टोप लावले. भाकर, घागर, खुरपं, विळा, धोतर... अगं, तू तर निम्मं शेतच पाठवलंस! चोवीस बरोबर. एक चुकला कारण टकलू ऐकल्यावर मला नामदेवराव दिसले, अन् हसू आवरेपर्यंत पुढचा शब्द निघून गेला.

मग मला खोडी सुचली. म्हणलं, सूनबाई, आता तू बस. ती हसत बसली. तिचे अठ्ठावीस वर्षांचे कान, त्यांना काय होतंय! तर पंचवीसपैकी पंधरा. भाकरला बाकर, घागरला गागर, धोतरला दोतर. मी फुल्या मारत गेले. ती भांडायलाच उठली, जसं ऐकलं तसंच मी म्हणलं म्हणून. रेणू, त्या कॅम्पातून आल्यावर मी घरात अगदी हेच बोलले होते, याच आवाजात. मग मला राहवेना. सांगून टाकलं, मीच तेलगू येतं म्हणून छाती पुढं काढली होती. संदेशला हसता हसता ठसका लागला. त्रिवेणी हसली नाही. कागद हातात धरून बसली.

मग म्हणली, शब्दांचं कळलं. पण मी पंधरावाली आई, माझ्या तोंडून पापाला तुमचे आवाज कधीच कळायचे नाहीत का?

अपर्णा, लेकरालाच विचारू म्हणत, वर जाऊन एक टाळ्या वाजवणारं खेळण्यातलं माकड घेऊन आली. चारू त्रिवेणीच्या मांडीवर. मी पडद्यामागं. मी म्हणत राहायचं, बा, बा, बा, बा, अन् मधेच भा. भा म्हणलं की बाजूला माकड टाळ्या वाजवणार. असं बऱ्याच वेळा केलं. अपर्णा म्हणली, कॉलेजात असं करताना आईच्या कानाला गाणी लावतात, म्हणजे तिनं नकळत इशारा करू नये. इथं गरज नाही! मग तिनं माकड उशिरा वाजवायला सुरुवात केली. मी आपली बा, बा, बा. पोरगी पायाचा अंगठा चोखत बसलेली. भा म्हणलं, अन् तिनं अंगठा सोडून मान वळवली. माकड अजून गप्पच होतं. पाचांत चार वेळा वळली. त्रिवेणीला एकदाही कळलं नाही कधी बदललं ते. तिला फक्त मांडीवर लेकराची मान फिरलेली कळायची.

मग तेलगूचं मे अन् मेऽ करून बघावं म्हणून त्रिवेणी पडद्यामागं गेली, तर चारूला भूक लागली, तिनं भोकाड पसरलं. ते मात्र आम्हा सगळ्यांना सारखंच ऐकू आलं.

लेकरू निजल्यावर त्रिवेणी माझ्यापुढं येऊन बसली. आपला तळहात माझ्या तोंडासमोर धरला अन् म्हणली, म्हणा अत्तम्मा. मी म्हणलं, बा. मग म्हणलं, भा. तिचा हात जरासा दचकला. पुन्हा म्हणायला लावलं. दहा-बारा वेळा तरी. कानाला कळेना, पण हाताला वारा लागत होता ना. मग उठली अन् पाळणाघरवालीला फोन लावला. मला तेलगू येतं तेवढ्यात एवढं कळलं, की दिवाळीपर्यंत जागा नको. मला मात्र अटी घातल्या. कुकर लावला असेल तर पाळणा माझ्या डोळ्यापुढं. दुपारच्या मालिका बंद. लेकराशी तोंड समोर करून बोलायचं. मालिका बंद म्हणल्यावर मी जरा कुरकुर केली, पण ती ऐकेना. तिचे कान खरंच कमजोर आहेत.

काल साडेनऊला ती ऑफिसला गेली. दारात तीनदा मागं फिरून आली. शेवटी दार लागलं अन् चारू रडायला लागली, आई कुठं म्हणून. मी तिला मांडीवर घेतलं, समोरासमोर. बोलायचं तर काय बोलू? मग तुझ्या लग्नातली भांडणं सुरू केली. मांडवात रुसलेली तुझी मोठी नणंद, वरणात सांडलेलं मीठ, नामदेवरावांचा हरवलेला जोडा, एकेक करत सगळं, कुणाची भीड न धरता. नणंदेपर्यंत रडत होती. मिठाला थांबली. जोड्यापर्यंत आले तर गाल ओलेच, पण पोरगी टक लावून माझ्या ओठांकडं बघायली होती.

आज पुढचं सांगायचंय अन् मला जोडा सापडला का नाही ते आठवेना. तेवढं उलट टपालानं कळव. लोभ असू दे, भांडण बी असू दे, लेकराला दोन्ही लागतं.

तुझी
चतुराआक्का