जिला बोलावलं, तिनं यायचं

प्रिय मावशी,

परवा माझ्या मेघनाची हळद आहे आणि तू नाहीस. म्हणून हे लिहायला बसलेय. नाहीतर तुला पत्र लिहायची वेळ कधी आली असती? दुपारी टोपली घेऊन तू आमच्या जिन्यात बसलीस की सगळी बिल्डिंग तुझ्याशी बोलत होतीच की!

दोन महिने थांबली असतीस तर काय बिघडलं असतं गं? "जवलावाली, तुझे पोरीची हलद मीच गानार," असं चारचौघींत सांगितलं होतंस. छातीत दुखतंय हे मात्र एकीलाही सांगितलं नाहीस. याचा मला अजून राग आहे.

तू सुकी मासळी विकायचीस, पण नेरूळ गावात तुझी खरी ओळख धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले गायचे, देवांना नावानं हाक मारून हळदीचं आवतण द्यायचं, हा तुझा मान. तू तोंड उघडल्याशिवाय मांडवात पान हलत नसे. साताऱ्याहून थेट फ्लॅटमध्ये आलेल्या मला यातलं काय कळणार? मी आपली जवल्यासाठी घासाघीस करत होते.

आमची नावं तू कधी लक्षात ठेवली नाहीस. मी जवलावाली. समोरची हमीदा सोडे घ्यायची, ती तुझ्या तोंडी सोरेवाली. खालच्या सावंतवहिनी बोंबीलवाली. वरच्या जोशीकाकू तुझ्याकडून काहीच घेत नसत, वर पदर नाकाला लावून जिना उतरायच्या. त्यांचं नाव नाक दाबनारी! तेही तोंडावर! आणि काकू चक्क हसायच्या.

टोपली रिकामी झाली तरी तू उठायची नाहीस. एकदा सहज काहीतरी गुणगुणलीस आणि हमीदा म्हणाली, "अगं, आमच्या कोकणात गावाला हळदीत असंच म्हणतात, चाल तेवढी वेगळी." झालं! त्या दिवसापासून जिन्यात बैठकच सुरू झाली. मी आईच्या ओव्या काढल्या. शेजारची रोझी हातात निवडायची भाजी घेऊन यायची आणि वसईच्या आजीच्या भुताच्या गोष्टी सांगून आम्हाला भरदुपारी घाबरवायची. तुझी खेकड्याच्या लग्नाची गोष्ट तर दर वेळी वेगळी. चूक काढली की म्हणायचीस, "खेकरा माझा, लगीन माझा, तुला काय?"

मग तो वाईट हिवाळा आला. दंगलीत मुंबई पेटली. आमच्याकडे तसं काही झालं नाही, पण जिना ओस पडला. दारं लागली ती लागलीच. हमीदाच्या नवऱ्यानं दारावरची नावाची पाटी काढून ठेवली. तिथे उरलेले दोन खिळे मला रोज दिसायचे.

उन्हाळ्यात तिच्या शबानाचं लग्न ठरलं. हमीदा म्हणाली, "हळद घरातल्या घरात उरकते. लग्न झालं की फ्लॅट विकून मुंब्र्याला आमच्या माणसांत जातो आम्ही. इथं कोण येणारे आमच्याकडे?" मी आहे ना, म्हटलं मी. तिनं लहान मुलाकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं. एकटीनं काय होणार होतं, सांग?

मी ते तुझ्या कानावर घातलं. तू टोपली खाली ठेवलीस. "हलदीला बायका नाय? मंग ती हलद कसली?"

हळदीच्या दिवशी तू हिरवं लुगडं नेसून, डोक्यात अबोलीचा गजरा माळून आलीस. टोपलीशिवाय तुला मी पहिल्यांदाच बघत होते. पण हमीदाच्या घरात न जाता खालच्या पायरीवरच बसलीस. धवल्यात आधी देवांना बोलावतात. इथं तू कुणाच्या देवाला बोलावणार होतीस? हमीदा दारातून कुजबुजली, "मावशी, हळू गा हां."

"हलू गायाला काय मयत हाय?" असं म्हणून तू आवाज लावलास.

"खालचे घरची बोंबीलवाली, तिला हलदीला बोलवा गो,
वरचे घरची नाक दाबनारी, तिला हलदीला बोलवा गो!"

देवांच्या जागी तू आम्हाला बसवलंस, मावशी! धवल्यात जिला बोलावलं तिनं यायचंच, नाही आली तर लग्नघराचा अपमान. हा नियम तूच आम्हाला त्याच जिन्यात घोकवला होतास. कुणाला माहीत नाही म्हणायची सोय नव्हती.

दोनदा हाक गेली. दारं बंदच. हमीदा आत वळली. तुझा आवाज मात्र तसूभरही खाली आला नाही. तिसऱ्या हाकेला सावंतवहिनींची कडी वाजली. "आले गं बाई, आले! माझे बोंबील सगळ्या सोसायटीला कशाला ऐकवतेस?" मागोमाग जोशीकाकू उतरल्या, सवयीनं पदर नाकाला लावूनच. रोझी तर ओल्या केसांनी आली. शबानाला इतकी हळद लागली की पोरगी ओळखू येईना. हमीदा रडत होती आणि तू तिच्यावर खेकसत होतीस, "ररतंस काय गो? गा!"

काय बाई होतीस तू! सोसायटीच्या कुठल्या मीटिंगला हे जमलं असतं?

फ्लॅट विकायचा विषय पुन्हा निघाला नाही. थोड्या दिवसांनी दुपारी समोरून हातोडीचा आवाज आला. बाहेर येऊन बघितलं तर हमीदाच स्टुलावर चढून पाटी लावत होती. मी खालून स्टूल धरलं.

परवा मेघनासाठी तीच गाणार आहे. स्वयंपाकघरात तिची प्रॅक्टिस चालू असते, मधेमधे कुकरची शिट्टी. काल विचारत होती, "पहिली हाक कुणाला?" म्हटलं, गणपतीला, आणखी कुणाला? तर म्हणाली, "त्याच्या आधी एक आहे."

तेव्हा ऐक. परवा आमच्या जिन्यातून पहिली हाक जाईल ती अशी: "गावातली टोपलीवाली, तिला हलदीला बोलवा गो!" हळू गाणार नाही, शब्द देते. पार गावापर्यंत ऐकू जाईल. खालची पायरी पुसून ठेवलेली असेल.

आणि नियम तुझाच आहे, मावशी. बोलावलं की यायचं.

तुझी,
पहिल्या माळ्यावरची जवलावाली