पांडुदादाचा दोष नव्हता

वसई,
ता. ११ नोव्हेंबर १९५३

तीर्थस्वरूप विमलावहिनींना धाकट्या दिराचा नमस्कार.

नावामागे 'गं. भा.' लिहायला हात धजला नाही, रागावू नका. आम्ही सारे बरे आहोत. तुमच्या माहेरी चांदीपला भातकापणी उरकली का? आपली मंदा मामाच्या अंगणात रमली असेल.

सोबत मोटार कंपनीचं पत्र आहे. इंग्रजीत आहे, म्हणून शेवटची ओळ सांगतो: 'अपघातात पांडुरंग यांचा दोष नव्हता, लॉरीचे ब्रेक मुळातच सदोष होते.' सहा महिने हीच कंपनी लिहीत होती की दादा पिऊन गाडी हाकत होता. ज्यानं कधी ताडीलाही तोंड लावलं नाही, तो!

कचेरीत पाच खेपा घातल्या, साहेब भेटला नाही. शेवटी ॲन्सेल्म मास्तरांनी फलक लिहून दिला. चेपलेली लॉरी दुसऱ्या गाडीला बांधून आम्ही मुंबईत त्यांच्या दुकानासमोर नेली. आपले बागायतदार, मास्तरांच्या वाडीतली ख्रिस्ती माणसं, सगळे आळीपाळीनं नऊ दिवस उभे राहिले. वर्तमानपत्रात फोटो आला. तसलीच लॉरी घेतलेले आणखी चौघे पुढे आले. दहाव्या दिवशी साहेब स्वतः बाहेर आला.

"फलक उतरवा, लिहून देतो."

मी म्हटलं, "आधी लिहा."

काल नवी लॉरीही आली. लोकांनी मला हार घातला. वाटेतच काढून ठेवला.

वहिनी, फलकावर एक गोष्ट नव्हती. त्या सकाळी तुम्ही विहिरीवर होतात. दादा मला म्हणाला, "एकनाथा, ब्रेक नीट लागत नाही रे. आज भिवंडीला नको." मी म्हणालो, "केळी भरून झालीत, उन्हात काळी पडतील. एवढी एक खेप मार." त्यानं टोपी घातली नि गाडीत बसला. चिंचोटीच्या उतारावर काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको.

कंपनीला कबूल करायला सहा महिने लागले. मलाही.

येत्या रविवारी चांदीपला येतो. मंदाला आत ठेवा. तुम्हाला जे बोलायचं ते बोला. नाही बोललात तरी ओट्यावर बसून राहीन.

दादाला गाडीत बसवणारा,
एकनाथ