वस्तादांचा हात उचलतो, अशी नोंद होण्याबाबत

प्रति,
मा. लसीकरण अधिकारी,
आरोग्य कार्यालय, दुसरा मजला.
(लसीनंतरच्या त्रासाच्या खिडकीमार्फत)

अर्जदार: काज-बटण कारागीर, शर्टांचा कारखाना.

विषय: टायरच्या दुकानातील वस्ताद यांचा उजवा हात उचलतो, अशी दुरुस्ती आपल्या नोंदीत आजच्या आज करून मिळण्याबाबत.

संदर्भ: १) आपल्या कार्यालयातून घरी आलेला फोन. २) पत्नीच्या सहीसाठी आलेले आपले समाधानपत्र.

महोदय,

हा अर्ज लसीविरुद्ध नाही, हे आधीच सांगितलेले बरे, म्हणजे खिडकीवरचे कारकून तो न वाचता भलत्या फाइलीत लावणार नाहीत. अर्जदार ही शर्टांच्या कारखान्यात काजे करते व बटणे लावते. विषयातील वस्ताद हे अर्जदाराचे पती. मोठ्या गाड्यांचे टायर घण घालून रिमपासून सोडवणे हे त्यांचे काम, आणि घण चालवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही असे दुकानाचे मालक सांगतात. घरीही त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अर्जदाराचा डावा कान त्या हाताने लग्नानंतर लवकरच कामातून गेला, आणि खालच्या दोन दाढा नंतर गेल्या. घरात तिसरे माणूस म्हणजे सासूबाई, आणि त्यांचे म्हणणे इतकेच असे, की "तो तापट आहे, तू समोर उभी राहू नकोस." घर दोन खोल्यांचे असल्याने समोर सोडून उभे राहायला दुसरी जागा नव्हती.

१. लस तिघांनी एकाच दिवशी घेतली. सासूबाईंना काहीच झाले नाही. अर्जदारास ताप आला व दुसऱ्या दिवशी अंग ठणकत होते. आपल्या पत्रकात 'अंगदुखी' या शब्दापुढे खूण करायची होती. पण ही अंगदुखी लसीची की आदल्या दिवशीच्या माराची, हे वेगळे काढता येईना. सरकारी कागदावर खोटे नको म्हणून अर्जदाराने ती जागा मोकळी सोडली.

२. वस्तादांची पाळी आली तेव्हा अर्जदार शेजारीच उभी होती. नर्सबाईंनी विचारले, "कामाचा हात कोणता? दुसऱ्यात टोचते." त्यावर वस्ताद म्हणाले, "उजव्यातच टोचा. सुईला घाबरणारा माणूस नाही मी." मागे रांग वाढत होती, बाई घाईत होत्या, सुई खांद्याच्या बरीच वर, अगदी हाडालगत गेली. दुसऱ्या दिवशी खांदा सुजला, मग आखडला, आणि उजवा हात कमरेच्या वर जाईनासा झाला. हे लिहिण्यात नर्सबाईंचा दोष काढण्याचा हेतू नाही. त्यांना अर्जदाराने मनातल्या मनात अनेकदा हात जोडले आहेत.

३. त्याच आठवड्यात वस्तादांनी जेवणाचे ताट भिंतीवर फेकले व नेहमीप्रमाणे अर्जदाराच्या अंगावर धावून आले. अर्जदाराने सवयीने तोंड झाकून घेतले. बराच वेळ काही लागले नाही म्हणून बोटांच्या फटीतून पाहिले, तर वस्ताद हात कमरेपाशी अडकून उभे, कपाळ घामाने डबडबलेले, खालचा ओठ दातांत. सासूबाई म्हणाल्या, "बघत काय बसलीस, पाणी दे त्याला." अर्जदाराने पाणी दिले. पुढे वस्तादांनी डाव्या हातानेही मारून पाहिले, पण त्या हाताला सवय नाही. तो कपाटाच्या दारावर बसला आणि बोटे सोलवटली ती त्यांचीच. एकदा लाथ उगारली, तर तोल सांभाळायला उजवा हात वर होईना, त्यामुळे स्वतःच मोरीत उताणे पडले. साहेब, अर्जदार त्या दिवशी पदर तोंडात कोंबून हसली. त्यानंतर काही आठवडे त्या घरात दुखत होते ते फक्त वस्तादांचे. अर्जदार पुरे जेवू लागली, पाठ दाराकडे करून झोपू लागली, आणि "भाजीत मीठ नाही" असे कानावर आल्यास "आहे, जीभ तपासून घ्या" असे उत्तर देऊ लागली.

४. अशात आपल्या कार्यालयातून फोन आला. वस्ताद अंघोळीला गेले असल्याने तो अर्जदाराने उजव्या कानाला लावला. पलीकडे एक मुलगी होती, फार गोड बोलत होती. तिने विचारले, "लस घेतल्यापासून तुमचे मिस्टर हात उचलतात का, ताई?"

साहेब, आमच्या घरात हात उचलण्याचा अर्थ एकच. माहेरी कुणी हे विचारले नाही, शेजारी विचारले नाही, कान दाखवायला नेले होते तिथल्या डॉक्टरांनीही विचारले नाही. सरकारने फोन करून विचारले. अर्जदार खाली फरशीवरच बसली. म्हणाली, "नाही हो, आता नाही उचलत. सुई टोचल्यापासून एकदाही नाही." मुलगी म्हणाली, "अरे बापरे. आधी उचलायचे?" अर्जदार म्हणाली, "रोज." "मग तुमचे खूप हाल होत असतील." अर्जदारास रडू फुटले. मुलगी म्हणाली, "रडू नका ताई, हे आम्ही असंच सोडणार नाही. उद्याच माणूस पाठवते." अर्जदाराने तिला उदंड आयुष्य चिंतले, पत्ता नीट दोनदा सांगितला, आणि तिने शिक्षण विचारले तेही सांगितले. त्या मुलीने आपल्या नोंदीत लिहिले: 'लसीनंतर उजवा हात उचलत नाही. कुटुंब हवालदिल. उपचार व्हावेत.'

५. दुसऱ्या दिवशी माणूस आला तो व्यायामाच्या डॉक्टरीणबाई. हातात रबरी पट्टा व एक चेंडू. अर्जदार दार उघडून त्यांच्या मागे जिन्यात पाहत राहिली, की पोलीस मागून येत असतील. कोणी आले नाही. बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी वस्तादांना भिंतीसमोर उभे करून बोटांनी भिंत चढायला लावली आणि जिथपर्यंत हात पोचला तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. म्हणाल्या, "वहिनी, रोज एक रेघ वर न्यायची. तुम्ही समोर उभ्या राहा, तुमच्या खांद्यापर्यंत हात आणू दे त्यांना. माणूस समोर असला की हुरूप येतो." वस्तादांना हुरूप आला. पहिली रेघ अर्जदाराच्या कमरेशी होती, मग कोपराशी, मग छातीशी. अर्जदार रोज सकाळी कामावर जाताना त्या भिंतीला अंग लावून पाहत असे, की आज कुठवर आले.

६. यावर अर्जदाराने जे उपाय केले ते लपवत नाही. रबरी पट्टा पिठाच्या डब्यात दडवला, तो सासूबाईंना सापडला. मग अर्जदाराने स्वतःच एक रेघ बरीच वर ओढून ठेवली, म्हणजे हात बरा झाला असे समजून बाई यायच्या थांबतील. पण त्या रेघेपर्यंत वस्तादांचा हात जाईना, तेव्हा दुखणे उलटले असे ठरून बाई दिवसाआड यायच्या त्या रोज येऊ लागल्या. शेवटी अर्जदाराने त्यांना जिन्यात गाठून सांगितले, "बाई, पाया पडते, त्यांचा हात बरा करू नका." बाई हसल्या. अर्जदाराने केस बाजूला करून कान दाखवला. बाईंचे हसणे गेले. पिशवीचे बंद बांधत म्हणाल्या, "माझं काम खांद्यापुरतं आहे हो. पुढचं दुसऱ्या खात्याकडे येतं." दुसऱ्या दिवशी त्या आल्या, पण अर्जदाराच्या तोंडाकडे त्यांनी पाहिले नाही.

७. ज्या दिवशी हात पुरता डोक्यावर गेला त्या दिवशी बाईंनी टाळ्या वाजवल्या, शेवटची रेघ ओढली व निरोप घेतला. त्यांच्या चपलांचा आवाज जिन्यात होता तोवर वस्ताद हाताकडे बघत उभे होते, मूठ मिटत होते, उघडत होते. मग दाराला कडी लावली. म्हणाले, "जीभ तपासायची होती ना?" पहिला फटका तोंडावर बसला तेव्हा अर्जदाराला पुढची खोली दिसेनाशी झाली. दुसऱ्याला अर्जदाराने उजवा हात आडवा धरला. वस्तादांनी तो मनगटापाशी पकडला, टेबलाच्या कडेवर ठेवला आणि रिम सोडवतात तसा वरून दणका दिला. हाड मोडल्याचा आवाज अर्जदाराला डाव्या कानानेही ऐकू आला असे वाटते. सासूबाई मधे पडल्या. "मला मारशील? मी तुझी आई," असे म्हणत त्यांनी वस्तादांचा दंड धरला. वस्तादांनी त्यांना उचलून त्या रेघांच्या भिंतीवर आपटले, त्यांचे कपाळ फुटले आणि भिंतीवर रक्त उडाले. मग त्यांनी पुन्हा अर्जदाराला केसांनी धरले. इतक्या आठवड्यांचे राहिलेले सगळे त्यांनी त्या दुपारी भरून काढले. ते दमून पाणी प्यायला गेले तेव्हा सासूबाईंनीच कडी काढली आणि अर्जदाराचा चांगला हात धरून तिला जिन्याने खाली नेले. घर सोडू म्हणणाऱ्या त्याच होत्या, हे येथे लिहावे असा त्यांचा आग्रह आहे.

८. सध्या दोघी कारखान्यातल्या कटिंगच्या खोलीत कापडाच्या गठ्ठ्यांवर राहतात. हाताला प्लास्टर घालून चौकीवर गेल्या, तर वस्ताद आधीच तिथे येऊन बसले होते, उजवा हात मांडीवर लुळा टाकून. त्यांनी हवालदारांपुढे आपल्या कार्यालयाचे उपचाराचे कार्ड ठेवले होते. हवालदारांनी ते वाचून दाखवले: उजवा हात उचलत नाही, उपचार सुरू. म्हणाले, "ज्याचा हात उचलत नाही त्याने हात मोडला असं मी लिहू? वर मला हसतील." सासूबाईंनी कपाळ दाखवले. हवालदार म्हणाले, "आजी, वयाने तोल जातो. आधी आरोग्यवाल्यांकडून हा बरा झाल्याचा कागद आणा, मग तक्रार घेतो." वस्ताद मान खाली घालून बसले होते. बाहेर पडताना त्यांनी त्याच हाताने अर्जदारासाठी दार उघडून धरले, आणि त्या वेळी हवालदार दुसरीकडे बघत होते.

९. अर्जदार तशीच आपल्या खिडकीवर आली. कारकुनांनी सांगितले, की वस्ताद बरे झाल्याचे डॉक्टरीणबाईंनी कळवले आहे, पण नोंद बदलत नाही, कारण पत्नीने समाधानपत्रावर सही केलेली नाही. त्या पत्रात छापले आहे: 'माझ्या पतीचा हात पूर्ववत उचलू लागला असून त्याबद्दल मी पूर्ण समाधानी आहे.' तरीही अर्जदार सही करायला तयार झाली. कारकुनांनी पेन दिले तेव्हा अर्जदाराचा उजवा हात प्लास्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. अंगठा देते म्हटले, तर फोनवर शिक्षण लिहिले आहे आणि शिकलेल्या बाईचा अंगठा चालत नाही असे उत्तर मिळाले. डाव्या हाताने वेगळ्या कागदावर जे काही काढले ते लसीच्या वेळच्या सहीशी जुळले नाही. कारकून वाईट माणूस नव्हते, त्यांनी चहा विचारला. तात्पर्य, अर्जदार समाधानी असल्याशिवाय वस्तादांचा हात उचलत नाही, आणि तो उचलत नाही तोवर अर्जदाराला मारहाण झालेली नाही.

१०. काल वस्तादांनी कारखान्याच्या फाटकावर घण घातला. कडी वाकली, पण निघाली नाही. रखवालदाराने चौकीला फोन केला, तर तिकडून विचारणा झाली की उजव्या हाताने की डाव्या.

आता घाईचे कारण. उद्या तिघांच्या दुसऱ्या डोसची तारीख आहे. तिघांची नावे लसीच्या एकाच कार्डावर असल्याने एकाच केंद्रावर, एकाच रांगेत, एकामागे एक उभे राहावे लागणार. अर्जदाराला लस घ्यायची आहे, सासूबाईंना घ्यायची आहे, आणि दोघींना जिवंत परत यायचे आहे. तरी विनंती की, वस्तादांचा उजवा हात उचलतो, चांगला डोक्यापर्यंत उचलतो, ही नोंद आजच करून तिची प्रत चौकीस द्यावी.

नियमात ते बसत नसल्यास अर्जदाराचे दुसरे मागणे आहे. साहेब, आपली नोंद जे घडले त्याला जुळवता येत नसेल, तर जे आहे ते आपल्या नोंदीला जुळवावे. उद्या वस्तादांना रांगेत सर्वांच्या आधी घ्यावे. त्याच नर्सबाईंना बसवावे. सुई उजव्याच खांद्यात, वर, हाडालगत टोचावी. डाव्या खांद्यासाठीही एक सुई निघत असल्यास अर्जदार आपल्या वाटणीची सोडायला तयार आहे. हे मागणे योग्य नाही, हे अर्जदारास कळते. योग्य ते करून पाहिले, त्याचा अहवाल वर दिला आहे.

उत्तर घरच्या पत्त्यावर किंवा घरच्या फोनवर देऊ नये. तो फोन आता वस्ताद उचलतात.

आपली नम्र, सध्या एकहाती,
अर्जदार
(डाव्या हाताचा अंगठा. मजकूर अर्जदाराच्या सांगण्याबरहुकूम कटिंग मास्तरांनी लिहिला.)

दिनांक: दुसऱ्या डोसच्या आदला दिवस.

सोबत:
१) समाधानपत्र, कोरे.
२) मोडलेल्या हाताचे क्ष-किरण चित्र. हा हात अर्जदाराचा आहे, चुकून वस्तादांच्या कागदांत लावू नये.

साक्षीदार: सासूबाई. त्यांनी पुढील मजकूर स्वतः सांगून लिहवून घेतला: "हे सगळं माझ्यादेखत झालं. मी त्याची आई आहे. त्याला धरा."