कमरेचा दोर

आमच्या नव्या शिंपीणबाईंना नवऱ्याचा प्रेमाचा नमस्कार.

योजनेतल्या मदतीचे पैसे थेट तुझ्या खात्यात आले आणि तू मला न विचारता शिलाई मशीन घेतलंस, यात मी रागवायचं काय? बाबा कुरकुरू देत, सदरा तुझ्याकडूनच शिवून घेतील. गिऱ्हाईकं येतात ना? डोळ्यांना जप.

मी मजेत आहे. काल मुकादम म्हणाला, "दोर सापडत नाही, तसाच चढ परांचीवर." आजवर मुकाट चढायचो; हजेरी बुडाली तर घरी खाणार काय? काल मात्र तुझं मशीन आठवलं. म्हटलं, "कमरेला दोर बांधा, मग चढतो." तो गेला आणि दोर घेऊन आला.

एवढं आईला वाचून दाखवू नकोस. तिला वाटतं, मी खालीच काम करतो.

तुझाच,
गवंडी